जाळ्याची झोळी

मूल गावच्या बाजारात ओल्या जाळ्याचा वास आला की मी आजही थांबते. बाबा तलावात मासे धरायचे, आणि माझ्या तान्ह्या भावाची झोपायची झोळी त्यांच्या जुन्या जाळ्याची होती. कितीही धुतली तरी तिचा वास जात नसे.

ऐंशीच्या दशकातल्या एका पावसाळ्यात भाऊ तापाने फणफणला. दवाखाना लांब सावली गावात आणि रस्ता पाण्याखाली. शेजारची काकू कळवळून म्हणाली, "देवीले कोंबडा कबूल कर बाई. तुमचा येशू तं काहीच मागत नाई, मंग देईन कायले?"

"मागत नाई म्हणूनच त्याले धरलं मी," आई म्हणाली. "तो चांगला हाये."

दुपारी भाऊ गेला.

खड्ड्यापाशी चर्चच्या पाळकांनी त्याला घ्यायला हात पुढे केले. आईने त्याला छातीशी घट्ट दाबलं आणि वर बघून ओरडली, "तू चांगला हायेस ना? नसशील तं आत्ताच सांग! मी पोरगा देत नाई!"

सागाच्या पानांवरून पाणी गळत होतं. मी खरोखरच उत्तराची वाट पाहत होते.

तेव्हा वाटलं, आईला वेड लागलं. आता मीही आई आहे. ज्याच्या चांगुलपणाची आशाच नाही, त्याला असं कोण विचारतं?

बऱ्याच वेळाने ती स्वतःच खड्ड्यात उतरली. ओळखीच्या माणसाच्या हातात तान्हं लेकरू द्यावं तसं, मान सांभाळून, तिने भावाला खाली ठेवलं.