आत्या मांडी घालते तेव्हा

माझ्या थोरल्या नणंदेला आमच्या भागात सगळे ब्रेकबाई म्हणतात. घरात ती माझी ताई आणि माझ्या मुलाची आत्या. धंदा गाडी शिकवण्याचा. गाडी एकच, पांढरी, चारही कोपऱ्यांना पोचे आलेली. शिकवणाऱ्याच्या बाजूला जो जादा ब्रेक असतो, त्याचं रबर तिच्या पायाने झिजून गुळगुळीत झालं आहे. समोरच्या काचेवर तिच्यापुरता एक छोटा आरसा चिकटवलेला आहे. त्यात तिला मागचा रस्ता दिसतो आणि मागे बसलेल्या माणसाचं तोंडही.

ती शिकवताना ओरडत नाही. समोरून ट्रक येवो नाहीतर शिकणाऱ्याच्या हातून स्टिअरिंग सुटो, हिचा आवाज चढत नाही. पाय अलगद खाली जातो, गाडी थांबते. "काही झालं नाही. पहिला गिअर टाक," एवढंच. ज्यांच्यापुढे इतरांनी हात टेकले, अशी माणसं तिच्याकडे येतात. एका पाववाल्याला उजवीकडे वळायची इतकी धास्ती होती, की जायचं कुठेही असो, तो डावीकडे वळत वळतच पोचायचा. ताईने त्याला महिनाभर फक्त उजवी वळणं घ्यायला लावली.

तिची एक रीत आहे. शिकणारा तयार झाला असं तिला वाटलं, की त्या दिवशी चालत्या गाडीत ती चपला काढते, दोन्ही पाय वर घेते आणि सीटवर मांडी घालून बसते. म्हणजे जादा ब्रेकवर आता कुणाचा पाय नाही, गाडी सगळी तुझी. तोंडाने काही सांगत नाही. काहींच्या ते लगेच लक्षात येतं, काहींच्या घरी गेल्यावर. पाववाल्याने तर गाडी कडेला घेऊन डोळे पुसले होते.

"बाई, पाय खाली घ्या हो. भीती वाटते."

"मग शिकलास कशाला?" ताई म्हणाली आणि तशीच बसून राहिली.

त्या दिवशी ती आमच्याकडे आली की चेहऱ्यावरून कळतं. चहा पिताना उगाच हसते.

आमचे हे तिला चिडवायचे, "ताई, तुझ्या नावातच ब्रेक आहे. धंदा पुढे जाणार कसा?"

"जायचंय कुठे त्याला?"

मला या उत्तराचा राग यायचा. माझा मुलगा पदवी घेऊन घरी बसला होता. दोन नोकऱ्या लागल्या, दोन्ही सुटल्या. दुपारी तो खोलीचं दार लावून घ्यायचा आणि मी दाराबाहेर उगाच फडकं मारत उभी राहायचे. आणि इकडे जिच्या हाताला एवढा गुण, ती एकाच गाडीत पाय दाबत बसलेली.

मग तिचा एक जुना विद्यार्थी आला. तो आता गाड्यांच्या मोठ्या शोरूमचा मालक होता. त्याला ड्रायव्हिंग स्कूल काढायचं होतं. नव्या गाड्या, काचेचं ऑफिस, शिकवायला पगारी माणसं. पाटीवर नाव ब्रेकबाईंचं आणि प्रमुखाच्या खुर्चीत त्या स्वतः. "बाई, भाच्यालाही घेऊ की मॅनेजर म्हणून," तो म्हणाला.

ताई हो म्हणेना, नाही म्हणेना. शेवटी मीच तिच्या घरी गेले.

"ताई, तुमच्यासाठी नका हो म्हणू. त्याच्यासाठी म्हणा."

"बसून बघते," म्हणाली.

ऑफिस छानच होतं. काचेतून सरावाचं मैदान दिसायचं. माझा मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी वेळेवर बाहेर पडू लागला, फोनवर लोकांशी चटपटीत बोलू लागला. मला हायसं वाटलं. एकदा दोघांचे डबे घेऊन गेले, तर ताई काचेपाशी उभी. माझ्याशी बोलता बोलता तिचा उजवा पाय मध्येच गालिचा दाबत होता.

"पाय दुखतोय का ताई?"

"नाही गं. तो लाल गाडीवाला क्लच फार लवकर सोडतोय."

ती उभी होती तेवढाच गालिचा चेपून काळपट पडला होता. मी हसले, तीही हसली.

"या खुर्चीत मांडी घालता येते की नाही?" मी विचारलं.

"येते ना, चांगली ऐसपैस. पण घालू कुणासाठी?"

मी डब्यांची झाकणं उघडायला लागले. असल्या प्रश्नात पडायची माझी तयारी नव्हती.

एके दिवशी नव्या मास्तराची परीक्षा घ्यायची म्हणून ताई मागच्या सीटवर बसली. गाडी शिकत होते एक निवृत्त पोस्टमास्तर. मैदानाच्या फाटकाशी ते गडबडले आणि गाडी सरळ खांबाकडे निघाली. शेजारी बसलेला शिकवणारा मास्तर खाली वाकून सीटचा पट्टा नीट करत होता. खांब येताना फक्त ताईने बघितला, आणि ती आयुष्यभर करत आली तेच तिने केलं. ओरडली नाही, पाय दाबला. सगळा जीव एकवटून दाबला. मागच्या सीटला ब्रेक नसतो. तिच्या चपलेचा अंगठा तुटला आणि गाडीचा दिवा फुटला. लागलं कुणाला नाही.

"मॅडम, नुसतं 'थांबा' म्हणायचं ना!" मास्तर म्हणाला. ते बरोबरच होतं. तिला ते सुचलं नव्हतं.

संध्याकाळी ती तीच तुटकी चप्पल ओढत माझ्या स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"मी सोडतेय ते. तुला आधी सांगावं म्हटलं."

"आणि तो?"

"मालकांशी बोलले. म्हटलं, त्याला माझ्याकडे बघून ठेवू नका. कामाचा वाटला तर ठेवा."

"असं बोलतात का? थोडा शब्द टाकला असतात तर तुमचं काय गेलं असतं?" माझा आवाज चढला. "एवढ्याशा धक्क्यासाठी? एक दिवा फुटला म्हणून?"

"दिव्याचं काही नाही गं. खुर्ची मऊ आहे, माणसं मान देतात. पण दिवसभर पाय दाबायचा आणि खाली काही नाही. मला नाही जमायचं असं."

"तुमचं बरं आहे. तुमचं सुख एका गाडीत मावतं."

"मावतं खरं," ती म्हणाली. मी टोमणा मारला होता, तिने तो होकार म्हणून घेतला.

त्यानंतर बरेच दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. मालकाने मुलाला काढलं नाही, पण मॅनेजरही ठेवलं नाही. शेजारच्या शहरात नवी शाखा काढायची होती, तिथे तू जा, काही महिने बघतो, म्हणाला. परकं शहर, भाड्याची खोली, आणि काही महिन्यांनी पुन्हा दार लावून बसला तर?

मुलगा मात्र खुशीत होता. "आई, मला आवडतं हे काम. मला वीस गाड्या करायच्यात."

मला वाटलं, आत्या आता काहीतरी शहाणपण सांगेल. ती म्हणाली, "कर की. पण रोज एकीत तरी बसत जा."

तो गेला त्या दिवशी ताईच्याच गाडीतून निघालो. तो चालवत होता, ताई तिच्या नेहमीच्या जागी, मी मागे त्याच्या बॅगांमध्ये. याला गाडी तिनेच शिकवलेली, पण याच्यासाठी तिने कधी मांडी घातली नव्हती.

"लायसन्स मिळून जमाना झाला आत्या, तुझी मांडी काही मिळेना."

"तुला घाई असते."

शहराबाहेरच्या चौकात एका गल्लीतून ट्रकचं तोंड बाहेर आलं. आमचा रस्ता होता, हॉर्न मारून निघून जाता आलं असतं. त्याने आधीच वेग कमी केला, थांबला, ट्रकवाल्याला हाताने 'जा' म्हणून खुणावलं आणि मग शांतपणे गिअर टाकला.

थोड्या वेळाने पुढे चपला काढल्याचा आवाज आला. ताईने एक पाय वर घेतला, मग दुसरा. मुलाचे कान तेवढे लाल झालेले मला मागून दिसले.

छोट्या आरशात ताईचे डोळे माझ्याकडे वळले.

"अगं, तुझा पाय बघ."

मी खाली बघितलं. उजवं पाऊल पायपुसण्यात रुतलेलं, गुडघा काठीसारखा ताठ. केव्हापासून, कोण जाणे.

"तिथे ब्रेक नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मग काढ चपला."

मी चपला काढल्या आणि डावा पाय वर घेतला. उजवा त्याचं शहर येईपर्यंत खालीच होता.