रुखवतातल्या फळ्या आणि बाबांचा पूल

बाबा, तुमचा पूल वाकला!

आणि परत जागेवर आला!!

आत्ताच मी आणि आई तिथून घरी आलो. घाईघाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माझे बाबा स्ट्रक्चरल इंजिनियर. स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर रिसालीच्या घरात त्यांना करमेना, म्हणून नाल्यावरच्या नव्या पुलाचं चेकिंगचं काम घेतलं. पूल पुरा व्हायच्या आधीच ते गेले. आज वर्ष झालं.

या पुलाला खाली स्टीलचे गर्डर, वर हाय-परफॉर्मन्स काँक्रीटचा स्लॅब. दोघांना एकत्र धरून ठेवतात ते शिअर स्टड, म्हणजे गर्डरवर वेल्ड केलेले डोकेवाले जाड खिळे.

बाबांचं सगळं प्रेम त्या खिळ्यांवर. उरलंसुरलं आमच्यावर. 😄

खोटं वाटतंय? माझ्या लग्नातलं रुखवत आठवा.

आईने महिनाभर खपून साखरेचं तुळशीवृंदावन केलं होतं. बाबांनी ते सरळ कोपऱ्यात सरकवलं आणि त्या जागी विटांवर फळ्यांच्या दोन जोड्या मांडल्या.

माझ्या सासूबाई दुर्गच्या, एकदम फटकळ. "रुखवतात लाकडं कावून ठेवले, व्याहीबुवा?"

"सांगतो ना! जवाईबापू, चढा यावर."

नितीन बिचारा मुंडावळ्या सावरत पहिल्या जोडीवर चढला. फळ्या एकमेकींवरून सरकल्या आणि मधोमध हा एवढा झोल आला.

मग दुसरी जोडी. फळ्या तशाच, जाडी तीच. फक्त दोघींना जागोजागी स्क्रू मारून एक केलेलं.

"आता उडी मारा!"

नवरदेवाने उडी मारली. फळी जेमतेम हलली. अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या!

आई सोडून. "माह्या रुखवताचा सत्यानाश केला तुमी," हे तिने त्यांना पुढे जन्मभर ऐकवलं.

या पुलावरही तोच हट्ट. कंत्राटदाराची माणसं म्हणायची, काँक्रीट एवढं जबरदस्त आहे, मग स्टडची एवढी कटकट कशाला?

बाबा म्हणायचे, "काँक्रीट पैलवान झालं म्हणून खिळा पैलवान होत नाई. उलट आता सगळा जोर त्याच्यावरच येते."

मग हातोडा मारून स्टड वाकवून पाहायची टेस्ट. वाकला तर पास, वेल्डमधून तुटला तर फेल.

एक तुटला.

बाबांनी ती अख्खी रांग नव्याने करायला लावली. काम अडलं, लोकांना लांबचा फेरा पडला. "म्हातारा सटकला" इथपर्यंत बोलणी गेली. हुडको कॉलनीतल्या दुकानात तर एक बाई आईच्या तोंडावर म्हणाली, "तुमच्या साहेबायमुळे आमाले फेरा पडून राहिला."

आई घरी येऊन बाबांवर फुटली. "कावून लोकायच्या शिव्या खाता तुमी?"

"पूल होऊ दे. तुले पयले नेतो. तूच पाय मंग."

नेणं काही त्यांच्याच्याने झालं नाही. म्हणून मी नेलं.

वजनाच्या टेस्टसाठी कालपासून भरलेले ट्रक पुलावर उभे होते. पूल किती वाकतो ते खाली मोजत होते. आज ट्रक काढले. आता तो परत वर येतो की नाही, एवढंच पाहायचं. नाही आला तर बाबांचा हट्टही फुकट आणि त्या शिव्याही. आईने माझा हात असा आवळला होता की बांगडी रुतली.

तेवढ्यात खालून एक इंजिनियर मुलगी धावत वर आली. "आंटीजी! रिकवरी एकदम बढ़िया! अंकल सही थे!"

मी तर ओरडलेच!!

आईने माझा हात सोडला. चपला काढल्या, पदर खोचला आणि पुलाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

आणि उडी मारली.

गुडघे दुखतात तिचे. एवढीशीच मारली.

"नाई हालला," म्हणाली. मग खूप रडली.

डोळे पुसत मला म्हणाली, "तुह्या बाबायले सांग, रुखवताचं माफ केलं."

सांगतेय बाबा, इथेच, सगळ्यांसमोर.

तुमच्या फोटोला हार घातलाय. श्रद्धांजली तर आहेच. पण आज त्याआधी टाळ्या, आणि या वेळी आईच्यासुद्धा.