परब मिस्त्रींचा पाय

ब्रेकचं काम झालं की परब मिस्त्री आधी हात धुवायचे आणि मग चपला काढायचे. अनवाणी ड्रायव्हरच्या सीटवर चढायचे, उजवा तळवा पेडलवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. दोनदा हळू दाबायचे, एकदा जोरात. गिऱ्हाईक घाईत असो, मागे रिक्षावाला शिव्या घालत असो, यांना काही फरक पडायचा नाही. मग डोळे उघडून म्हणायचे, "जा घेऊन." एवढं ऐकलं की मरोळच्या त्यांच्या गल्लीत कुणी गाडी पुन्हा तपासून बघायचं नाही. "चपलेतून काय कळना नाय गो," मला म्हणाले होते. "पेडल तळव्याक सांगता."

माझी त्यांची ओळख बाबांच्या पिकअपमुळे झाली. आरे कॉलनीच्या रस्त्याला आमची छोटी नर्सरी आहे. बाबा गेल्यावर सोसायट्यांमध्ये कुंड्या आणि लाल माती पोचवायचं काम माझ्याकडे आलं, आणि गाडीही. गाडी जुनी. पॉवर स्टिअरिंग नाही, चारी चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. भरलेली गाडी बोरीवलीतल्या एखाद्या सोसायटीच्या गेटातून वळवायची म्हणजे कुस्तीच. दोन वर्षांत माझा उजवा खांदा असा आखडला की वेणी घालता येईना. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवणं सोडा. सोडलं तर खायचं काय, ते मात्र डॉक्टर सांगत नाहीत! नवी गाडी झेपणारी नव्हती, तेव्हा कुणीतरी परब मिस्त्रींचं नाव सुचवलं.

साठीच्या पुढचा, किडकिडीत माणूस. गॅरेजात एकटाच. बायको कुडाळला गावी, हे इथे वर्षानुवर्षं हात काळे करत बसलेले. चहात तीन चमचे साखर घालायचे आणि मी डोळे मोठे केले की म्हणायचे, "साखर माका नाय गो, माझ्या रिपोर्टात आसा."

पहिल्या दिवशी मी सांगितलं, पॉवर स्टिअरिंग बसवून द्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "स्टिअरिंग मगे. आदी ब्रेक."

"ब्रेक लागतायत की!"

"लागतत, कारण तू सावकाश चालवतंस. सावकाश कित्याक? स्टिअरिंग जड म्हणान. उद्या ता हलका झाला की तू उडवतलंस. मगे थांबतलंस कशी?"

असला राग आला! खांदा माझा ठणकतोय आणि हा बाबा मला रांगेत उभं करतोय. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. मुकाट्याने हो म्हटलं.

आठवडाभर काम चाललं. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि पाय हलका पडावा म्हणून बूस्टर, सगळं त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलचं. आरटीओचे कागदसुद्धा त्यांनी आधी करायला लावले. कुठल्याही गाडीचं काहीही उचलून बसवणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. "ही गाडी आसा, भेळ नाय," म्हणायचे. शेवटी ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायची होती. मी पेडलवर, ते चाकाशी वाकलेले. "मार… धर… सोड." अर्धा दिवस हेच. मग हात धुऊन, चपला काढून स्वतः चढले, डोळे मिटले. "जा घेऊन."

पेडल मला मऊ वाटलं. जरा जास्तच खाली जायचं. पण बूस्टरचा ब्रेक मी जन्मात पहिल्यांदा दाबत होते. म्हटलं, असाच असेल. मिस्त्रींनी केलंय ना!

चौथ्या दिवशी आरेच्या उतारावर तबेल्यातून एक म्हैस सरळ रस्त्यात आली. मी ब्रेक मारला आणि पेडल खाली गेलं. तसंच खाली जात राहिलं. दुसऱ्यांदा मारला तेव्हा गाडी थांबली, म्हशीच्या पोटापासून हातभर अंतरावर. मागे मातीची पोती एकमेकांवर आदळली. म्हशीमागचा भय्या ओरडला, "दिखता नहीं क्या?" मी हात जोडले. आणि एवढं होऊनही माझ्या मनात काय आलं सांगू? की माझाच पाय नीट पडला नाही. गाडी कडेला घेऊन मी पाच मिनिटं स्वतःलाच बोल लावत बसले.

दोन दिवसांनी स्टिअरिंगच्या कामाला गेले, पण म्हशीचं बोललेच नाही, लाज वाटली. मिस्त्री माझ्याच गाडीच्या सीटवर चढायला निघाले आणि जमिनीवर मला लाल ठिपके दिसले. प्रत्येक पावलाला एक. म्हटलं, "काका, पाय बघू." तळव्यात लोखंडी पिन रुतली होती, चांगली बोटभर. आजूबाजूचं रक्त सुकलेलं, प्रत्येक पावलाला नवं येत होतं. म्हणजे बराच वेळ ती घेऊन हा माणूस फिरत होता.

"अगो, ह्या कधी लागला?" त्यांनाच नवल वाटलं. पिन उपटून बाजूला टाकली, चेहऱ्यावर सुरकुती नाही.

मला त्यांच्या रिपोर्टातली साखर आठवली, मग म्हैस आठवली. सांगावं की नाही? बेचाळीस वर्षं ज्या पायावर माणसाचं नाव उभं आहे, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की तुमच्या पायाला काही कळत नाही? गप्प बसून दुसऱ्या गॅरेजात गेले असते तर माझं काही अडलं नसतं. पण त्यांनी "जा घेऊन" म्हणून सोडलेल्या बाकीच्या गाड्या रस्त्यावर फिरतच होत्या. मी सांगितलं. म्हैस, पेडल, सगळं. बोलताना त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. कोपऱ्यातल्या नव्याकोऱ्या चपलांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "गणपतीपासून चालताना चपला पायातसून पडतत. माका कळनाच नाय पडल्यो म्हणान. मी म्हटलंय, चपलाच सैल झाल्यो. दोनदा नव्यो घेतलंय."

मग बोटांवर मोजायला लागले. पाणीवाल्याचा टेम्पो, मंडपवाल्याची पिकअप, पार्ल्याचे जोशी, पाववाल्याचा टेम्पो. माझी सोडून, गणपतीपासून ब्रेकची कामं केलेल्या नऊ गाड्या. लगेच फोन उचलला. एकेकाला एकच वाक्य: "माझ्या कामात चूक असात, गाडी हलवू नको, मी येतंय." मी म्हटलं, "काका, चूक कशाला म्हणता? नुसतं तपासायचंय म्हणा." तर माझ्यावर खेकसले, "तपासूचा म्हटलंय तर ते गाडी चालवतच रवतले. तोवर कोण मेलो तर?"

आधी माझ्या गाडीच्या नळ्यांत राहिलेली हवा पुन्हा काढली, तिच्यामुळेच पेडल खाली जात होतं. मग दोन दिवस आम्ही त्याच गाडीतून फिरलो. ते चाकाशी, मी पेडलवर. "मार… धर… सोड. काय वाटता?" दर वेळी विचारायचे. पहिल्यांदा मी चाचरत म्हटलं, ठीक वाटतंय. तर म्हणाले, "ठीक म्हंजे? माका बरा वाटूचा म्हणान सांगू नको." सहा गाड्या चोख निघाल्या. दोन जरा मऊ होत्या, त्या जागेवर दुरुस्त झाल्या. राहिला पाववाल्याचा टेम्पो. ड्रायव्हर शंकरचा फोन लागेना. शेवटी जोगेश्वरीला बेकरीच्या दारात दुपारभर उभे राहिलो. टेम्पो आला, मी चढले, पेडल दाबलं आणि ते थेट तळाला गेलं.

"अरे, हा लागतच नाही!" मी ओरडले.

शंकर म्हणाला, "लागतो ना मॅडम, तिसऱ्यांदा मारला की लागतो."

"मग सांगूक काय झाला तुका?" मिस्त्रींचा आवाज फाटला. "ह्या रस्त्यार शाळा आसा रे!"

शंकर बिचारा ओशाळला. "काका, तुम्ही केलेलं काम ते. मला वाटलं माझाच पाय बिघडला."

मिस्त्री तिथेच फुटपाथच्या कडेवर बसले आणि हमसून हमसून रडले. शंकरला कळेना आपण काय चुकीचं बोललो. मला कळलं, कारण उतारावर मीही मनात तेच म्हटलं होतं, की चूक माझ्याच पायाची. माझ्याही डोळ्यांना धार लागली.

टेम्पोचा ब्रेक तिथेच रस्त्यावर नीट करून ते उठले. त्यानंतर ब्रेकचं एकही काम त्यांनी घेतलं नाही. माझं स्टिअरिंग मात्र पुरं केलं, "ता हाताचा काम आसा" म्हणून. पंप, नळ्या, सगळं बसवून झाल्यावर मी गाडी सुरू केली आणि चाक दोन बोटांनी वळलं. दोन बोटांनी! मी वेड्यासारखी उगाचच डावीकडे उजवीकडे फिरवत बसले आणि ते खिडकीशी उभे राहून हसत होते. मग मला खाली उतरू न देता मरोळ नाक्याजवळच्या एका पोरसवद्या मेकॅनिककडे पाठवलं. त्यांचं काम त्याने तपासायचं, असं आधीच ठरवून ठेवलं होतं.

आठवड्याभरात गॅरेज रिकामं झालं. गावी जायच्या आदल्या दिवशी भेटायला गेले. पायाला जाड बँडेज, शेजारी बांधलेली अवजारं. मनात सारखं येत होतं, मी तोंड उघडलं नसतं तर हा माणूस आज इथे काम करत असता. शेवटी म्हटलंच, "काका, माझ्यामुळे झालं हे सगळं. माझ्यावर राग नाही ना?"

त्यांनी वाकून माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघून घेतलं, मग माझ्याकडे. "तो नाक्यावरचो पोरगो बरो आसा. हात चांगलो आसा त्याचो. गाडी त्याच्याकडेच ने," म्हणाले. "पण त्याका तरी इतको मोठो करू नको. काय वाटला तर सांग त्याका. माका सांगलंस तसा."