चादरीचं दुसरं टोक
गल्लीतल्या नर्सबाईंचा चढलेला आवाज फक्त त्यांच्या नवऱ्यानेच ऐकला होता. बाहेर म्हणजे गरीब गाय. आणि गाईला वॉर्डात भेटली वाघीण, इन्चार्ज सिस्टर! माघारी सगळा स्टाफ तिला 'सासूबाई' म्हणायचा. समोर मात्र सगळ्या गुणी सुना.

झालं काय, एका म्हाताऱ्याच्या पाठीला जखम कशाने झाली, असं त्याच्या मुलाने विचारलं. नर्सबाई खरं बोलून बसल्या, "कूस वेळेवर बदलली गेली नाही." सासूबाईंना मोठ्या डॉक्टरांची बोलणी खावी लागली. तेव्हापासून नर्सबाई झाल्या 'चुगली सिस्टर'. नाव ठेवलं तर ठेवलं, अंगाला भोकं पडत नाहीत. पण अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलायला चादरीच्या दोन्ही बाजूंना माणूस लागतं, आणि दुसरं माणूस येईनासं झालं. हाक मारली की एकीला सलाईन आठवायचं, दुसरीला फोन.

मग बाई एकट्याच ओढायच्या आणि घरी येऊन जमिनीवर आडव्या व्हायच्या. शिंपीकाम करणारा नवरा पाठीला मलम चोळायचा. "पाठ गेली की नोकरी गेली. माझ्या मशीनवर घर चालेल का? बोल की तिथे!"

"काय बोलू?"

"मला बोलतेस तेच!"

एक दिवस भेटायच्या वेळेत खिडकीजवळच्या थोराड आजोबांची कूस बदलायची होती. बाईंनी चादर ओढली आणि कमरेत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्या तशाच उभ्या राहिल्या, चादर मुठीत.

"दुसरं माणूस पाठवा!"

कुणी हललं नाही.

"दुसरं माणूस पाठवाऽऽ!"

पेशंटचे नातेवाईक माना वळवून बघायला लागले. आजोबाच घाबरले. "राहू द्या सिस्टर, मी असाच बरा आहे."

"तुम्ही गप्प पडा हो आजोबा. मी माझ्या कमरेसाठी ओरडतेय."

सासूबाई तणतणत आल्या. "बाजार मांडलाय का?"

"धरा," नर्सबाई म्हणाल्या.

सगळा वॉर्ड बघत होता. सासूबाईंनी चादरीचं दुसरं टोक धरलं. आजोबा अलगद कुशीवर आले.

"फार आवाज चढलाय," सासूबाई दातओठ खात पुटपुटल्या.

"मोठ्या डॉक्टरांच्या खोलीपर्यंत जातो का, बघायचंय."

जेवणानंतर पुढच्या पेशंटची कूस बदलायची वेळ आली. बाईंनी हाक मारली, तर दोघीजणी तोंड फुगवून हजर.

"एक पुरे," नर्सबाई म्हणाल्या आणि दुसरीला परत पाठवलं.