चमच्याची जाड मूठ

"तुम्ही माझ्या मशीनचं पेडल काढलंत?"

"मग काय झालं? तू आता कुठे शिवतेस?"

भिंतीपलीकडून एवढंच ऐकू आलं. मग सगळं शांत. माझी जाऊ भांडायची तेव्हा भांडी आपटायची. ती गप्प झाली म्हणजे घाव वर्मी बसला, हे मी ओळखून होते.

दीर खुर्च्यांच्या कारखान्यात सुतार. एकदा बोलायला लागला की समोरच्याच्या डोक्याला भोक पाडायचा, म्हणून सगळे त्याला गिरमिट म्हणायचे. जाऊ लोकांचे कपडे शिवायची. मग एका झटक्यात तिची उजवी बाजू गेली. पुढे पाय थोडा सावरला, पण हाताची बोटं मिटेनात. चमचा धरला की निसटायचा. दीर भरवायला बसला की ती तोंड घट्ट मिटून घ्यायची.

"मी काय पाळण्यातली आहे?" म्हणायची, आणि उपाशी राहायची. बघता बघता तिची पार काडी झाली.

तेव्हा दिराने ठरवलं, चमच्याला जाड लाकडी मूठ करायची. तिच्या हातात कणकेचा गोळा दिला, बोटं जेवढी मिटली तेवढं माप घेतलं. पण कारखाना केव्हाच बंद पडला होता, लाकूड फिरवून गोल करायचा लेथ आणायचा कुठून? त्याने आपलं जुनं ड्रिल मशीन फळीवर आडवं आवळलं, समोर टोकदार बोल्ट बसवला आणि मधे लाकूड धरलं. झाला लेथ! बटण दाबताच लाकूड सुटलं ते थेट माझ्या दारावर आदळलं.

"अहो भाऊजी, मूठ करताय की माझा मुडदा पाडताय?"

"वहिनी, हे एकाच वेगाने पळतं हो. ओबडधोबड लाकूड आधी हळू फिरायला हवं."

वेग कमी करायलाच त्याने जाऊच्या विजेच्या शिवणयंत्राचं ते पायपेडल जोडलं होतं. लाकूड तासायला पटाशी टेकवली की त्याचा सगळा जीव हातात जायचा आणि पाय कुठेतरी मधेच लोंबकळायचा. मोटर अडायची, पेडल तापायचं, जळका वास सुटायचा.

भांडणानंतर बरेच दिवस जाऊ त्याच्याशी बोलली नव्हती. एके दिवशी तो वास आला तशी खाटेवरून म्हणाली, "मला स्टुलावर बसवा."

"कशाला?"

"पेडल जाळून टाकाल. तुम्ही हात सांभाळा, पाय माझा."

तिचा डावा पाय धड होता. जाड कापड शिवताना मशीन कण्हायला लागलं की पाय उचलायचा, हे तिच्या अंगात मुरलेलं. इथेही तेच. मोटरचा सूर खाली गेला की ती पाय उचलायची, लाकूड गोल झालं की वेग वाढवायची. मधे मोटर निवायला थांबायचं. दीर तेवढ्यात बडबड करायचा, आणि ती म्हणायची, "या तोंडाला नाही का हो एखादं पेडल?"

त्या मुठीने ती आपल्या हाताने जेवली. निम्मं सांडलं. मी पुसायला गेले तर म्हणाली, "राहू द्या ताई, माझं मी सांडलंय."

पण बोटं दिवसेंदिवस आणखी कमी मिटत गेली. काही महिन्यांनी ती मूठही निसटायला लागली. पुन्हा कणकेचा गोळा, पुन्हा नवी मूठ, आधीपेक्षा जाड. मग आणखी जाड. दर मापाला दिराचं बोलणं कमी होत गेलं. शेवटी तर तो गोळा हातात घेऊन नुसता बघत राहायचा. जाड मूठ जड होते, म्हणून हलकं लाकूड शोधत फिरायचा.

आता तिला मी भरवते. ती मुकाट्याने तोंड उघडते. तिने तोंड मिटून घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दीर वारला त्या दिवशीही सकाळी वखारीत गेला होता. वखारवाला मागून सांगत होता, नेहमीसारखाच ढिगाऱ्याजवळ उकिडवा बसला, एकेक तुकडा तळहातावर तोलला, नखाने टोचून पाहिला. "यापेक्षा हलका नाही का रे?" विचारलं. वखारवाल्याने आतून एक आणून दिला. तो त्याने तोलला, पिशवीत घातला, उरलेले तुकडे होते तसे रचून ठेवले आणि घराकडे निघाला.