कांदा चिरणारे बाबा

माझी मावशी शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयात शिकवायची. विद्यार्थी तिला पाठीमागे 'रेघाबाई' म्हणत. शाळांमध्ये पाठ बघायला गेली की ती शेवटच्या बाकात गुडघे कसेबसे कोंबून बसायची. शिक्षकाने मुलाला प्रश्न विचारला की कागदावर डावीकडे एक रेघ, मुलीला विचारला की उजवीकडे. या रेघांतूनच तिचं संशोधन उभं राहिलं. मुलींना वाचून दाखवायला सांगतात, 'असं का?' मात्र मुलांना विचारतात. शिक्षक म्हणायचे, छे, आम्ही असा भेद करतच नाही. मावशी वाद घालत नसे. कागद पुढे सरकवायची आणि चहा मागवायची.

निवृत्तीच्या वर्षी तिला दुसरीच्या पाठ्यपुस्तकाच्या समितीवर घेतलं. त्यातल्या घराच्या धड्यात कित्येक आवृत्त्यांपासून आई स्वयंपाक करत होती आणि बाबा वर्तमानपत्र वाचत होते. मावशीने दोघांच्या जागा बदलायला लावल्या. अध्यक्षांनी अट घातली, आधी वर्गात दाखवून बघा, जमलं नाही तर जुनंच चित्र छापू. मावशीच्या हातून होणारं हे शेवटचं पुस्तक होतं.

वर्गात चित्र दाखवलं आणि मुलांनी झटपट अर्थ लावला. आई रुसलीय, एक मुलगी म्हणाली. नाही, तिचा हात मोडलाय, असं मागून कुणीतरी सुचवलं. एकाने तर बाबांना नोकरीवरून काढूनच टाकलं. वर्ग खिदळत राहिला.

"सारं मुसळ केरात," घरी येऊन मावशीने पिशवी खुर्चीवर टाकली.

काका ओट्याशी कांदा चिरत होते. मावशी गावोगावच्या शाळांत फिरायला लागली तेव्हापासून संध्याकाळचा स्वयंपाक त्यांचा. त्यांची आई नातेवाइकांना सांगायची, सुनेच्या वाट्याला शाळा आली नि लेकाच्या वाट्याला चूल. काका हसून फोडणी द्यायचे.

मावशीने चित्र टेबलावर पसरलं. मग तिची नजर काकांवर गेली. खांद्यावर फडका, डोळ्यांतून धारा, नाक मनगटाला पुसत चाललेलं काम. तिने पुन्हा चित्र पाहिलं. चित्रातल्या बाबांच्या शर्टाला कडक इस्त्री होती. त्यांनी डाव झेंड्यासारखा उंच धरला होता आणि ते वाचणाऱ्याकडे बघून हसत होते. समोर आई कौतुकाने त्यांच्याकडे बघत होती.

"हा स्वयंपाक कुठे करतोय," मावशी हळूच म्हणाली, "हा तर उपकार करतोय."

धड्यातला शब्द न् शब्द तिने तपासला होता. चित्रातल्या या माणसाकडे मात्र धड बघितलंच नव्हतं.

"अहो, उद्या दाढी करू नका."

"का? कुठे जायचंय?"

"चित्रात."

दुसऱ्या दिवशी चित्रकार आला. तो जन्मात ओट्याकडे फिरकला नव्हता, हे त्यानेच मान खाली घालून सांगितलं. काकांनी त्याला आधी एक कांदा चिरायला बसवलं. लाल डोळ्यांनीच त्याने कागद पुढे ओढला. आई कुठे बसवू, त्याने विचारलं. मावशी म्हणाली, कुठेही बसव, फक्त तिला याचं अप्रूप वाटायला नको. तेवढ्यात टेबलाखाली मांजर आलं, तेही चित्रात शिरलं.

मावशीने अध्यक्षांकडून आणखी एक संधी मागून घेतली. या वेळी शाळा दुसरी होती आणि शेवटच्या बाकात स्वतः अध्यक्ष बसले होते. मावशी भिंतीला टेकून उभी राहिली, पहिल्यांदाच कागदाशिवाय. शिक्षकांनी चित्र उंच धरलं. मुलं बाकांवरून पुढे झुकली.

"बाबा रडतायत," एक मुलगा म्हणाला. मावशीने डोळे मिटले.

"का बरं?" शिक्षकांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं.

"कांदा आहे ना," ती म्हणाली. एवढंही कळत नाही का, असा तिचा सूर.

पुढची चर्चा मांजराची झाली. ते काय पळवणार, त्याला रोज दूध मिळतं का, आई वाचताना त्याच्यावर पाय देईल का. आई का वाचतेय, हे कुणीच विचारलं नाही. अध्यक्षांनी मात्र मांजर कशाला हवं म्हणून कुरकुर केली आणि सही केली.

संध्याकाळी काकांनी ओट्यापाशीच विचारलं, "पास झालो का?"

"झालात." मावशीने तळहात पुढे केला. पेनाने ओढलेली एकच रेघ होती, उजवीकडे, मुलींच्या बाजूला. "पोट मात्र आहे तेवढंच छापणार आहेत."

काकांनी पोट आत ओढलं आणि दुसरा कांदा घेतला.