बिनकामाचं चालणं

आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी शेंदूरजनाघाटहून आमच्याकडे अमरावतीला आली, तेव्हा मी पुन्हा एकदा सकाळी फिरायला जायला लागले होते. 'पुन्हा एकदा' म्हणायचं कारण, त्याआधी बरेच प्रयोग होऊन गेले होते. राजापेठेतली जिम झाली. मोबाइलमध्ये एक अ‍ॅप घेतलं, ते दर थोड्या वेळानं मला शाबासकी द्यायचं. कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर मालटेकडी सुरू केली, ती परीक्षांचं काम आलं तशी विरून गेली. गंमत म्हणजे, आता बंद करू या असं मी कधीच ठरवलं नाही. एखाद्या सकाळी चहा पिताना लक्षात यायचं, की अरे, आपण जात नाही आता.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पन्नाशी जवळ आलेली, साखर काठावर, आणि डॉक्टरांचं एकच पालुपद, चाला. तर त्या सकाळी बूट घालून मी दारात आले. आत्या ऑपरेशननंतरचा काळा गॉगल लावून ओट्यावर बसली होती. संत्र्याच्या बागेत सगळी हयात काढलेली बाई, वय सत्तरीच्या पुढे, अंगानं काटक.

"कुठी चालली वं?"

"फिरायला."

"कोणाकडे?"

"कोणाकडेच नाही. असंच, चक्कर मारून येते."

"मंग काही आणाचं हाये काय?"

"काहीच नाही आणायचं."

"कोणाले भेटाचं नाई, काही आणाचं नाई, मंग काहून चालली?"

मी तिला साखरेचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते डॉक्टरचं झालं. तू काहून चालली?"

ती मला टोचून बोलत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. ती जन्मभर चालली, पण पाणी सुरू करायला, तोडणीवरच्या बायांना बोलवायला, एखादं झाड का वाळून राहिलं ते बघायला. पाय उचलायचे आणि पुन्हा घरीच आणून ठेवायचे, हे तिच्या डोक्यात बसेना. मी निघाले खरी, पण कोपऱ्यावर पोचेपर्यंत मलाही तोच प्रश्न पडला. उत्तर न सापडल्यामुळे म्हणा किंवा उन्हं वर आल्यामुळे म्हणा, त्या दिवशी लवकर परतले.

पुढे डॉक्टरांनी तिला हिंडायची परवानगी दिली आणि ती म्हणाली, "चाल, मले बी पाहू दे, तू काय पायते ते." नवीन डोळा मिळाला होता तिला. कितीतरी वर्षं सगळं धुरकट दिसत होतं, आता पानाची शीरसुद्धा दिसायला लागली होती. त्यामुळे आमचं चालणं म्हणजे अर्धं थांबणंच. कोणाच्या गेटवर काय लिहिलंय, कोणत्या घराला कोणता रंग दिलाय, सगळं ती मोठ्यानं वाचायची, बोलायची. मला आधी संकोच वाटला. लोक बघायचे.

एका घराच्या दोरीवर रोज नुसते निळे शर्ट वाळत असायचे. लहान-मोठे, सगळे निळे. "या घरी दुसरा रंग चालत नाई काय?" आत्यानं विचारलं. मी त्या गल्लीतून वर्षानुवर्षं स्कूटरवर जाते, मला ते शर्ट कधी दिसलेच नव्हते. दोन-तीन दिवसांनी तिनं अंगण झाडणाऱ्या बाईला सरळ विचारूनच टाकलं. बाई हसायला लागली. नवरा, दीर आणि भाचा, तिघंही एकाच पेट्रोल पंपावर कामाला होते. "मलेच कळत नाही कोणाचा कोणता," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही दिसलो तशी तिनं हात हलवला.

मग तो प्लॉट आला. आमच्या घरामागच्या रस्त्यावर एक रिकामा प्लॉट आहे, तारेचं कुंपण, गेटला गंजलेलं कुलूप. आत गाजरगवत असायला हवं, पण होती वांगी, एका बाजूला दोडक्याचा वेल तारेवर चढवलेला, आणि माती ओली. आत्यानं तारेतून हात घालून ती माती चाचपली.

"हे आताच कोणी पाणी देऊन गेलं. कोन देऊन रायलं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही थोड्या लवकर गेलो. माती ओलीच. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी लवकर. तरी माती ओली आणि माणूस गायब. आता मला चैन पडेना. वर्गात अभिक्रिया शिकवताना मध्येच मनात यायचं, कुलूप तर गंजलेलं, मग माणूस आत जातो कुठून? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, समोरच्या दुकानदाराला विचार ना. पण आम्हाला तसं नको होतं. आम्हाला तो माणूस पाणी देतानाच बघायचा होता. मी, जिला उठवण्यासाठी घरात आजवर गजर आणि भांडण दोन्ही लागायचं, ती आपोआप जागी व्हायला लागले. कधीकधी आत्याच्या आधी.

शेवटी एकदा, उजाडता उजाडता, तो सापडला. प्लॉटच्या मागच्या बाजूला कुंपण वाकवून वाट केलेली होती. दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन एक म्हातारबा तिथून आत शिरत होते. बनियन घामानं भिजलेली. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, राहायला दोन गल्ल्या पलीकडे. प्लॉट त्यांचा नव्हता. मालक पुण्याला, आणि त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"मंग तुमी काहून मेहनत करून रायले?" आत्यानं विचारलं.

त्यांनी कॅन खाली ठेवले. "डॉक्टरनं वजन उचलाले सांगितलं, खांद्यासाठी. पोरानं डंबेल आणून देल्ले. उचलाचे अन् तिथंच ठेवाचे, उचलाचे अन् तिथंच ठेवाचे. मले तं येड्यासारखं वाटे." मग जरा लाजून म्हणाले, "हे बरं हाये. कॅन जाताना भरून, येताना खाली."

आत्या खूश झाली. तिच्या मते या शहरात पहिल्यांदाच कोणीतरी नीट बोललं होतं. तिनं त्यांना दोडक्याचे शेंडे कुठून खुडायचे ते दाखवलं, त्यांनी आम्हाला वांगी दिली, आणि चोरीच्या प्लॉटातल्या वांग्यांची भाजी आम्ही त्या दिवशी आवडीनं खाल्ली.

दिवाळीच्या आधी आत्या तिच्या मुलीकडे अकोल्याला राहायला गेली. मला वाटलं, झालं, माझं फिरणं आता पुन्हा विरणार. पण तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळीच तिचा फोन.

"आज काय दिसलं?"

मी गेलेच नव्हते. तसं सांगितलं तर ती रागावली नाही. "बरं," म्हणाली, "मंग माह्यं आईक." आणि तिनं अकोल्याच्या जठारपेठेतली तिची सकाळ सांगितली. रिक्षात झोपलेला मालक आणि त्याच्या छातीवर झोपलेली मांजर, मोर्णा नदीच्या पुलावरून कोंबड्या घेऊन जाणारी सायकल. मी ऐकत होते आणि मला चक्क हेवा वाटत होता. दुसऱ्या दिवशी बूट घातले. तिला सांगायला माझ्याकडेही काही असायला हवं होतं.

असे आमचे दोन गावांतले फोन सुरू झाले. उन्हाळ्यात मात्र गाडी अडली. आमच्याकडचा उन्हाळा, सकाळी सातलाच रस्ता तापतो. मी बरेच दिवस गेले नाही. आत्या तिकडे अंधारातच बाहेर पडून उन्हाच्या आत परत यायची. त्याच दिवसांत तिनं पेटीचं सांगितलं. एका घरातून रोज पेटीचे सूर येतात, एकच ओळ, आणि दर वेळी एकाच जागी येऊन थांबतात. पुढे जातच नाहीत.

"कोण वाजवतं?"

"नाई समजलं अजून."

पुढचे कित्येक दिवस मी आधी तेच विचारायची. कोण आहे, बाई की माणूस, पुढची ओळ आली का? ती दर वेळी तेवढंच म्हणायची, नाई समजलं. आणि लगेच, "तुह्यं सांग, तुले काय दिसलं?" काही दिसलं नाही म्हणायची लाज वाटून मी पुन्हा जायला लागले, तिच्यासारखीच अंधारात.

पावसाळ्यात एका रविवारला जोडून सुटी आली, तशी मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेले. सकाळी निघताना आत्तेबहिणीला म्हटलं, आज त्या पेटीवाल्याचा छडा लावूनच येते. ती पोळ्या लाटायची थांबली.

"कोणता छडा? त्या काकूकडे तं आई रोज चहा पेऊन येते. होळीपासून!"

मी आत्याकडे पाहिलं. ती चपला शोधण्यात गुंतली होती.

"खोटं काहून बोलली मग?"

"सांगतलं असतं तं तू फोनच बंद केला असता," आत्या म्हणाली. "अन् मंग फिरनं बी. तुह्यं मले माईत हाये ना."

मला राग यायला हवा होता. हसूच आलं. आम्ही त्या काकूंकडे गेलो. नवरा गेल्यावर त्याची पेटी शिकायला बसलेल्या बाई होत्या, एक ओळ यायची, पुढची बोटं सापडत नव्हती. आम्ही दोघी बसलो तर त्या आणखीच अडखळल्या. चहा मात्र फार छान होता, आल्याचा.

परत येताना आत्या माझ्या दोन पावलं पुढेच होती. मी म्हटलं, हळू चाल. ती म्हणाली, तू लवकर चाल.

साखर आता ठीक आहे. डॉक्टरांनी विचारलं, नेमकं काय सुरू केलंत? फिरते, एवढंच मी सांगितलं, कारण त्यांच्याकडे बाहेर बरीच गर्दी होती. मला स्वतःलाही ते पूर्ण कळलंय असं नाही. काही सकाळी अंग नको म्हणतं आणि मी जात नाही. पण आता दोन-तीन दिवस गेले नाही, की तब्येतीची काळजी नंतर वाटते. आधी वाटतं, तिकडे काहीतरी होऊन गेलं असेल आणि आपल्याला ते कळणारच नाही.

परवा रेल्वेलाइनजवळच्या एका घराच्या छतावर कोणीतरी नवी लाकडी शिडी उभी केली आहे. ती कशालाच टेकलेली दिसत नाही. उद्या पलीकडच्या बाजूनं जाऊन बघणार आहे.